वेफर्सच्या पाकिटावर कॅलरी किती लिहायच्या?

नेटवरचा आकडा उचलून पाकिटावर छापू नका. शुगरवालं गिऱ्हाईक तो वाचून खातं! कच्च्या बटाट्यात १०० ग्रॅमला साधारण ७७ कॅलरी, तेलात तब्बल ९००. म्हणजे खरा हिशोब कढईतल्या तेलाचा. तळण्याआधी तेल कढईसकट तोला. तळून झाल्यावर जाळीखाली निथळलेलं तेल परत कढईत ओता, थंड झालं की पुन्हा तोला.

समजा, सोललेला बटाटा १ किलो आणि तेल घटलं १०० ग्रॅम. ७७० अधिक ९००, झाले १६७०. आता तयार वेफर्स तोला. पाणी उडून ३०० ग्रॅम भरले, तर १०० ग्रॅमला सुमारे ५५७ कॅलरी. काप पातळ केले की पुन्हा मोजा, ते जास्त तेल पितात.