माळवद आणि थर्माकोल : छपराची उष्णता, छपराचे वजन

मराठवाड्यात आणि सोलापूरच्या परिसरात माळवद घालताना तुळयांवर सरे बसवून त्यांवर किलचण, म्हणजे बारीक लाकडांचा थर, दाटीने रचतात. त्यावर पाला व चिखल पसरून तो चोपून घट्ट करतात आणि सर्वांत वर पांढरी माती पन्हाळीच्या दिशेने उतार देऊन अंथरतात. ही माती ओली होताच मिळून येते व पाणी खाली उतरू देत नाही; मात्र दर पावसाळ्यात तिचा काही भाग वाहून जात असल्याने मृगाआधी नवी भर घालावी लागते.

अशा छपराखालचा गारवा मातीच्या रोधकतेमुळे येतो, हा समज अपुरा आहे. उष्णतावाहकता, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज पार होते याचे माप, प्रबलित काँक्रीटच्या बाबतीत दर मीटर-केल्विनला सुमारे १.६ वॅट, तर बारीक पेशींत हवा कोंडलेल्या थर्माकोलच्या बाबतीत सुमारे ०.०३५ वॅट असते. मातीची वाहकता थर्माकोलच्या दहा-वीसपट असली, तरी तिचा फूटभर थर तापण्यासाठी भरपूर उष्णता लागते, त्यामुळे दुपारच्या उन्हाची झळ आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. थर्माकोल उष्णता अडवतो. माती ती साठवून लांबणीवर टाकते.

या लाभाची किंमत वजनात मोजावी लागते. फूटभर मातीचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो, तर पाच सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलचा एखादा किलो. वर्षानुवर्षे भर पडून जड झालेली माळवदे आणि दगडमातीच्या सैल भिंती ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात एकत्र कोसळल्या व झोपेतली हजारो माणसे त्यांखाली दबली. त्यानंतर आलेल्या स्लॅबने आणि पत्र्याने वजनाचा प्रश्न पुष्कळसा सोडवला, पण उन्हाळ्यातले घर तापते ठेवले.

थर्माकोल हा पेट्रोलियमजन्य पदार्थ असून तो आग पकडतो. खनिज लोकर जळत नाही, पण भिजली की तिची रोधकता घटते. उसाचे चिपाड व भाताचा पेंढा यांतही हवा कोंडलेली असल्याने ते हलके आणि चांगले रोधक असतात, मात्र ओल, वाळवी व आग यांपासून त्यांना जपावे लागते. म्हणून नैसर्गिक की कृत्रिम, एवढ्यावर निवड करणे घातक ठरते. भूकंपप्रवण उष्ण प्रदेशात मातीचे वस्तुमान आडव्या पट्ट्यांनी नीट बांधलेल्या भिंतींत असावे आणि डोक्यावर, ओलीपासून राखलेला, हलका रोधक थर असावा.