मुंबई-दिल्ली अंतर 1,140 किलोमीटर, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे?

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर. प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी 800 ते 850 किलोमीटर वेगाने जातं. भागाकार केला तर उत्तर येतं जेमतेम दीड तास. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिसतो. मग वरची पाऊण तास कुठे गेली?

तिकिटावरचा वेळ हा फक्त हवेतला वेळ नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दिल्लीत ते जागेवर उभं राहिलं की थांबतं. याला म्हणतात 'ब्लॉक टाइम'. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. मुंबईत तर दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग लागणारच! शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं.

त्यात कंपन्या थोडी जास्तीची मिनिटंही धरतात. विमान वीस मिनिटं उशिरा निघूनही 'वेळेत पोहोचलं' असं ऐकलं असेल, ते यामुळेच. चलाखी म्हणा हवं तर, पण या मिनिटांचा तुम्हालाही फायदा आहे.

कारण डीजीसीएच्या नियमांत भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. कंपनीने वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली आणि कारण तिच्या हातातलं असेल, तर रिफंड किंवा दुसऱ्या फ्लाइटशिवाय भरपाईही मिळते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500 आणि त्याहून जास्त असेल तर 10,000. मात्र एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून रक्कम याहून कमी होत असेल, तर तेवढीच मिळते. म्हणजे मुंबई-नागपूरला मर्यादा 7,500, मुंबई-दिल्लीला 10,000. नुसता हवेतला वेळ मोजला असता तर दिल्लीही 7,500 मध्येच बसली असती.

उशिराचंही तसंच. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला ही मर्यादा तीन तासांची आहे.

परदेशी जाताना मात्र वजाबाकी जपून करा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईहून सकाळी 10 ला निघून दुबईत पावणेबाराला उतरलात, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीन तासांचा झाला. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. म्हणजे भारतीय कंपनीच्या या फ्लाइटला तीन तासांचा नियम लागेल, दोनचा नाही. काउंटरवर वाद घालण्याआधी एवढं मोजून घ्या.