विमानमार्ग, उंचीवरील वारे आणि एक दुर्लक्षित अहवाल

विमान किती उंचीवरून उडते, यावर त्याचा इंधनव्यय व प्रवासकाल बऱ्याच अंशी अवलंबून असतो. दहा ते बारा किलोमीटर उंचीवर हवा विरळ असल्याने तिचा रोध कमी होतो आणि जेट विमानास तेवढ्याच इंधनात अधिक लांबचा पल्ला गाठता येतो. तथापि मध्य अक्षांशांत याच थरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांस जेट प्रवाह ही संज्ञा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास ताशी २०० किलोमीटरचा वारा पाठीशी लाभला, तर ते जमिनीवरील ११०० किलोमीटर अंतर तासाभरात ओलांडते. तोच वारा समोरून आल्यास केवळ ७००.

या वाऱ्यांचे पद्धतशीर मापन प्रथम करणाऱ्यांत जपानमधील तातेनो वेधशाळेचे संचालक वासाबुरो ओइशी यांची गणना होते. १९२३ ते १९२५ या काळात फुगे सोडून त्यांनी हिवाळी वाऱ्यांचा विलक्षण वेग नोंदविला. जगातील शास्त्रज्ञांस तो कळावा, या हेतूने १९२६ मधील अहवाल त्यांनी एस्पेरांटो भाषेत लिहिला. परंतु जी भाषा सर्वांची व्हावी म्हणून निर्माण झाली, ती वाचणारे हवामानशास्त्रज्ञ फारच थोडे होते. अहवाल जपानबाहेर जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. पुढे नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांस हाच वारा अनपेक्षितपणे भेटला व त्यांचे बहुसंख्य बॉम्ब लक्ष्यापासून दूर पडले.

या उपेक्षेस केवळ भाषाच कारण झाली, असे मानणे मात्र युक्त नव्हे. १९२६ मध्ये त्या उंचीवरून नियमित वाहतूक करणारी विमानेच नव्हती. म्हणून त्या आकड्यांची निकडही कोणास भासली नाही. उलट जपानमध्ये हे ज्ञान जिवंत होते. १९४४-४५ मध्ये बॉम्ब बांधलेले फुगे याच प्रवाहावर सोडून ते पॅसिफिकपार उत्तर अमेरिकेत पोचविण्यात आले. नागरी वाहतुकीने त्याचा लाभ घेतला तो १९५२ मध्ये. त्या वर्षी पॅन अमेरिकनच्या विमानाने सुमारे ७६०० मीटर उंचीवरून टोकियो-होनोलुलू हा अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत पुरा केला.

शोध लिहून ठेवल्याने तो नष्ट होत नाही, इतकेच. तो कार्यप्रवण होण्यास भाषा जाणणारा वाचक आणि त्या वाचकाची गरज, या दोहोंचा योग यावा लागतो.