टायरने खाल्लेली खिडकी

कोणत्याही व्हॅनला ‘मॅटाडोर’ म्हणताना तुम्ही आजोबांना ऐकले असेल. मॅटाडोर ही पुण्याच्या बजाज टेंपो कारखान्याची गाडी. १९६९ मध्ये ती रस्त्यावर आली. परदेशातही अशा नावाजलेल्या व्हॅन होत्या. १९५० पासून बनू लागलेली फोक्सवॅगनची व्हॅन त्यांतलीच. रेव्हेल, एएमटी, एमपीसी या कंपन्यांनी व्हॅनच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींचे संच काढले. सव्वाचार मीटरची फोक्सवॅगन चोवीसपट लहान केली की कंपासपेटीएवढी होते!

वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरतात. म्हणून संचातले भाग चौकटीला देठांनी लटकलेले असतात. ते सोडवून चिकटवायचे. इथला डिंक निराळा: तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, मग उडून जातो आणि कडा एकजीव होतात.

हे जुने संच आज हौशी लोक मोठ्या किमतीला घेतात. पण पन्नास वर्षे न उघडलेल्या खोक्यातही कधी कधी खिडकीच्या पारदर्शक काचेवर टायरचा खोल ठसा उमटलेला असतो. काच जणू वितळलेली! खोक्याला आग तर लागलेली नसते. मग हे कसे?

उत्तर तुमच्या कंपासपेटीत आहे. पांढरे खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला महिनोन्‌महिने टेकून राहिले की चिकटते आणि ओढून काढल्यावर पट्टीवर खड्डा दिसतो. असे खोडरबर आणि संचातले मऊ टायर बहुधा पीव्हीसीचे असतात. नुसते पीव्हीसी पाण्याच्या नळासारखे कडक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. त्याचे छोटे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून बसतात, पण साखळ्यांशी बांधले जात नाहीत. शेजारी पॉलिस्टायरीन मिळाले की ते हळूहळू तिकडे सरकतात. यालाच विसरण म्हणतात. मग काच मऊ पडते, टायर मात्र कडक होत जातो. म्हणजे ज्या गुणामुळे भाग जोडता येतात, तोच गुण इथे घात करतो. खोडरबराला कागदी आवरण असते, त्याचा एक उपयोग हा संपर्क टाळण्याचा. गंमत म्हणजे मुले आधी तेच फाडून टाकतात!

उष्णतेने रेणूंची धावपळ वाढते. त्यामुळे बीड जिल्ह्यात, समजा तलवाड्याला, मे महिन्यात पारा चाळीस अंशांपुढे गेला की हा प्रकार लवकर घडेल.

करून पाहा. मोडक्या पारदर्शक पट्टीचे तीन तुकडे घ्या. पांढऱ्या खोडरबराचेही तीन तुकडे करा. दोन जोड्या थेट एकमेकींना टेकवून दोऱ्याने बांधा. तिसरीत मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ कागद घाला. थेट टेकवलेली एक जोडी माठाजवळच्या गारव्यात ठेवा, उरलेल्या दोन पत्र्याखालच्या फळीवर. (अस्सल रबराचे खोडरबर घेतलेत तर बहुधा काहीच दिसणार नाही.) दर रविवारी सोडून पाहा आणि पहिला ठसा कोणत्या जोडीत, कोणत्या तारखेला दिसला ते वहीत लिहा.