बाबिलोनच्या गादीवरचे ग्रीक

सेल्युकस निकेटर आपल्याला शाळेच्या इतिहासात एकदाच भेटतो, आणि तोही हरलेल्याच्या भूमिकेत. चंद्रगुप्त मौर्याने त्याच्याकडून सिंधूच्या पश्चिमेचे प्रांत घेतले, बदल्यात पाचशे हत्ती दिले. धडा तिथेच संपतो. ग्रीक आणि रोमन लेखकांवर पोसलेल्या युरोपीय इतिहासातही या घराण्याची गत फारशी बरी नाही. अलेक्झांडरच्या साम्राज्याचा सर्वांत मोठा तुकडा हाती आला आणि अडीचशे वर्षांत तो कडेकडेने गळत गेला, अशी ती कथा. दोन्हीकडे गृहीत एकच: हे परके राजे आशियावर नुसते वरून येऊन बसले होते, म्हणून त्यांचा पाया कच्चा राहिला. हे गृहीत पुराव्याला धरून नाही. या घराण्याला भक्कम पाया होता, फक्त तो मॅसिडोनियात नव्हता. तो बाबिलोनमध्ये होता, आणि तिथे उभे राहून पाहिले तर घराण्याचा उदय आणि अस्त दोन्ही नीट उलगडतात.

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला तेव्हा सेल्युकस पहिल्या रांगेतला सेनापती नव्हता. ३२० मध्ये त्याला बाबिलोनची सुभेदारी मिळाली. ३१५ मध्ये अलेक्झांडरचाच दुसरा सेनापती अँटिगोनस याने हिशेब मागितले तेव्हा जिवाच्या भीतीने तो इजिप्तला, तिथला सत्ताधीश टॉलेमी याच्याकडे पळाला. ३१२ मध्ये तो परतला तो जेमतेम हजारभर सैनिक घेऊन. एवढ्या बळावर बाबिलोनसारखे शहर जिंकता येत नाही. लोकांनी साथ द्यावी लागते. आधीच्या चार वर्षांतल्या त्याच्या कारभारावर लोक खूश होते आणि ते त्याच्या स्वागताला पुढे आले, असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो. हत्तींचा सौदाही इथूनच समजतो. बाबिलोनपासून महिनोन्महिन्यांच्या वाटेवरचा डोंगराळ मुलूख सोडून त्याने असे शस्त्र मिळवले, ज्याच्या जोरावर ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत अँटिगोनस मारला गेला आणि सीरिया पदरात पडला. याला माघार म्हणायचे की हिशेबी व्यवहार, हे आपण कुठून पाहतो त्यावर आहे. घरातही तोच प्रकार. ३२४ मध्ये सुसा येथे अलेक्झांडरने आपल्या सरदारांची इराणी कुळांतल्या मुलींशी लग्ने लावली. बहुतेकांनी नंतर त्या बायका टाकल्या असे दिसते; सेल्युकसने सोग्डियाच्या स्पिटामेनीसची मुलगी अपामा टाकली नाही. तिचाच मुलगा अँटायोकस पुढे गादीवर आला, म्हणजे घराण्याचा दुसराच राजा आईकडून मध्य आशियाचा होता.

या अँटायोकसबद्दल बाबिलोनी पुरोहितांच्या इतिवृत्तात एक नोंद आहे. युवराज असताना तो एसागिला या मर्दुक देवाच्या मोडकळीला आलेल्या मंदिराच्या ढिगाऱ्यावर बळी द्यायला गेला आणि तिथेच पडला. मग सैनिक, गाड्या आणि हत्ती लावून त्याने तो ढिगारा उपसायला लावला. (हे हत्ती चंद्रगुप्ताकडचे असणे अगदी शक्य आहे.) पुढे इ.स.पू. २६८ मध्ये राजा म्हणून त्याने बोर्सिप्पा येथे नबू देवाच्या मंदिराचा पाया घातला. तिथे सापडलेला मातीचा लेख अक्कादी भाषेत, कीलाकार लिपीत आहे. त्यात तो स्वतःला बाबिलोनचा राजा म्हणवतो आणि मंदिराच्या पहिल्या विटा आपण सीरियात स्वतःच्या हातांनी घडवून आणल्याचे सांगतो. हा निव्वळ देखावा होता, असा आक्षेप येतो. पण देखावा बघणाऱ्यांसाठी असतो, आणि हा लेख पायात पुरलेला होता. नेबुखद्नेझरच्या काळापासून चालत आलेला विधी ग्रीक राजाने पुरोहित सांगतील तसा पार पाडला, हे त्यातून दिसते. मनात श्रद्धा होती की नव्हती, हा प्रश्न इथे गौण आहे.

त्याहून मोठा पुरावा कालगणनेचा. बाबिलोनमध्ये वर्षे राजाच्या कारकिर्दीने मोजत. राजा मेला की पुन्हा वर्ष पहिले. सेल्युकसची गणना त्याच्या बाबिलोनमधल्या पुनरागमनापासून धरली गेली: मॅसिडोनी पद्धतीने ३१२ पासून, बाबिलोनी पद्धतीने ३११ च्या वसंतापासून. २८१ मध्ये त्याचा खून झाला तेव्हा मुलाने आकडा मागे नेला नाही, तोच पुढे चालवला. राजा बदलला तरी न थांबणारी वर्षांची मोजणी राज्यभर रुजली. शत्रूंनीही ती सोडली नाही: या घराण्याविरुद्ध बंड करणाऱ्या ज्यूंच्या मक्काबी ग्रंथात तारखा याच गणनेच्या आहेत.

आता खरे आक्षेप. वरिष्ठ सुभेदार आणि सेनापती यांची नावे बहुतांश ग्रीक आहेत, हे मान्य करायलाच हवे. दरबार ग्रीक होता, सत्तेचा वरचा मजला ग्रीकेतरांना क्वचितच उघडला. पण त्याखाली चित्र वेगळे आहे. उरुक शहराचा कारभारी अनु-उबल्लित याला राजाने निकार्कस हे ग्रीक नाव दिले होते. त्याने २४४ मध्ये अनु देवाचे भव्य मंदिर बांधले आणि त्याची नोंद कीलाकार लिपीतच ठेवली. दुसरा आक्षेप जेरुसलेमचा. चौथ्या अँटायोकसने तिथे ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि १६७ मध्ये बंड पेटले. त्या जुलमाचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र ग्रीकांनी आशियावर आपला धर्म लादला, या सर्वसाधारण निष्कर्षाला तो आधार पुरत नाही, कारण दीडशे वर्षांत असे इतरत्र घडलेले दिसत नाही. जेरुसलेमच्या जुलमामागे पैशाची निकड होती. चौथ्याचा बाप तिसरा अँटायोकस मॅग्नेशियाच्या लढाईत रोमकडून हरला आणि १८८ च्या तहाने राज्यावर १५,००० टॅलेंट चांदीची खंडणी बसली. पुढच्याच वर्षी तो इलाममध्ये एका मंदिराचा खजिना लुटताना मारला गेला. बाप देवळे लुटू लागला आणि मुलाने जेरुसलेमचे मुख्य पुरोहितपद जास्त बोली लावणाऱ्याला विकले. देवळांशी जमवून घेण्याची पणजोबांची रीत खंडणीपायी मोडली.

राजे राहत अँटिऑकला, लढत इजिप्तशी, मग बाबिलोनला केंद्र का मानायचे? राजवाडा कुठे होता यापेक्षा धान्य आणि चांदी कुठून येत होती, हे महत्त्वाचे. बॅक्ट्रिया इ.स.पू. २५० च्या सुमारास फुटला, पश्चिम आशिया मायनर १८८ ला गेला, तरी राज्य मोठी सत्ता म्हणून टिकले. १४१ मध्ये पार्थियनांनी बाबिलोन घेतले आणि ते टिकणे संपले. सातव्या अँटायोकसने १३० मध्ये बाबिलोन परत जिंकले, पण वर्षभरात तो लढाईत पडला. त्यानंतर उरले ते सीरियातले भाऊबंदकीचे राज्य, जे ६४ मध्ये रोमन सेनापती पाँपीने जवळपास न लढता खालसा केले.

पार्थियन अमलात बाबिलोनी लेखनिक मातीच्या पाट्यांवर दोन वर्षे लिहीत: नव्या राजवटीचे आणि त्याखाली सेल्युकसचे. येमेनमधल्या ज्यूंनी तर ही गणना अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत वापरली. वायव्य भारतात यवन, शक आणि पार्थियन राजांनी आपापले संवत सुरू केले. या कल्पनेचे मूळ सेल्युकसच्या गणनेत आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच परंपरेतला इ.स. ७८ चा शक आपल्या पंचांगावर आजही छापला जातो.