फिरती पाळी आणि हजेरीपट : उत्सर्ग व अपवाद यांची मांडणी

ज्या कामात खंड पडून चालत नाही, तेथे मनुष्यबळ पाळ्यांत वाटावे लागते. रुग्णालये, वीजकेंद्रे आणि रसायनांचे कारखाने ही त्याची परिचित उदाहरणे होत. पाळ्या फिरत्या असल्या म्हणजे महिनाअखेरीस प्रत्येकाचा हजेरीपट हाताने भरणे किचकट तर होतेच. शिवाय त्यातील चूक कोणाच्या तरी वेतनातून वजा होते. हा पट डेटाबेसकडून भरून घेण्याचा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो नियम आणि अपवाद यांच्या मांडणीचा आहे, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाला तो अपरिचित वाटू नये.

उदाहरणार्थ, आठ दिवसांचे चक्र घ्यावे : दोन दिवस पहिली पाळी (सकाळी ६ ते दुपारी २), दोन दिवस दुसरी (२ ते रात्री १०), दोन दिवस तिसरी (रात्री १० ते सकाळी ६), आणि दोन दिवस सुट्टी. कामगारांचे चार गट प्रत्येकी दोन दिवसांच्या अंतराने या चक्रात फिरतात. आठ दिवसांत ४८ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी ४२ तास भरतात. मात्र चक्र आठाचे व आठवडा साताचा असल्याने कोणत्याही एका आठवड्यात प्रत्यक्षात ४० किंवा ४८ तासच येतात, ४२ कधीच येत नाहीत. आणि तीच पाळी त्याच वाराला ५६ दिवसांनी परतते. हाताने पट भरणारा कारकून गोंधळतो तो येथेच.

यंत्राला मात्र वर्षभराच्या पाळ्या लिहून देण्याची गरज नाही. चक्राच्या आठ ओळींची एक सारणी आणि एक आधारदिनांक एवढे पुरते. पहिल्या गटाचे चक्र १ जानेवारी २०२४ रोजी शून्य स्थानापासून सुरू झाले असे मानल्यास १५ मार्च हा त्यापुढील ७४ वा दिवस. ७४ ला ८ ने भागता बाकी २ उरते. २ हे स्थान दुसऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसाचे. आधारदिनांक मात्र सर्व नोंदींच्या आधीचा निवडावा, कारण ऋण संख्येची बाकी अनेक डेटाबेस ऋणच देतात आणि तसे स्थान सारणीत सापडत नाही.

संबंधाधिष्ठित विदासंचयाची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तीत साठविलेले संबंध आणि त्यांपासून निष्पन्न होणारे संबंध यांत भेद केलेला आहे. येथे चक्र, गट आणि गटातील सदस्यत्व (कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, यांसह) साठवावयाचे. पट निष्पन्न करावयाचा. रजा, खाडा, जादा तास हे सारे अपवादांच्या स्वतंत्र सारणीत जाते. पाणिनीय परंपरेत अपवाद उत्सर्गाला बाधित करतो, पण पुसून टाकीत नाही. अपवाद हटताच उत्सर्ग पुन्हा प्रवृत्त होतो. रजा रद्द झाली की मूळ पाळी आपोआप परत यावी, ही अपेक्षा नेमकी तीच आहे.

शब्दांविषयी येथे सावध राहावे लागते. गिरणीच्या भाषेत ‘बदली’ म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी आलेला कामगार. कचेरीच्या भाषेत ‘बदली’ म्हणजे स्थानांतर. पहिली नोंद अपवादांत जाते, दुसरी सदस्यत्वात. दोघांनी आपसांत पाळी बदलली तर ती तिसरीच गोष्ट होय; तिच्या दोन नोंदी एकदमच व्हाव्यात, एरवी एक पाळी ओस पडते किंवा एकाच पाळीचे वेतन दोघांच्या नावे लागते.

खरी कसोटी तिसऱ्या पाळीची. ६ मधून २२ वजा केल्यास उणे १६ येतात, हा दोष लगेच दिसतो व सुधारता येतो. अधिक फसवा प्रश्न असा, की ३१ जानेवारीच्या रात्री १० वाजता सुरू झालेले आठ तास कोणत्या महिन्याचे? मध्यरात्री तुकडा पाडल्यास दोन जानेवारीचे व सहा फेब्रुवारीचे ठरतात, आणि जादा कामाचा हिशेब बिघडतो. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ ने मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावयास सांगितले होते. त्या तत्त्वाने प्रत्येक पाळीला तिच्या आरंभाची तारीख द्यावी. ब्रिटनसारख्या देशात आणखी एक पेच आहे : मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे सरकतात तेव्हा हीच रात्र सात तासांची होते, ऑक्टोबरात नऊ तासांची. भारतात ही अडचण नाही.

एवढे करूनही पाळीपत्रक आणि हजेरीपट एक नव्हेत. पहिले योजना सांगते, दुसरा घडलेले काम. यंत्राने भरलेला पट हे केवळ अनुमान आहे. परिचारिका दोन तास अधिक थांबली हे चक्राला ठाऊक नसते. भरलेला रकाना कोरा नसल्यामुळे तो खरा मानण्याकडे वरिष्ठांचा कल होतो, आणि ते दोन तास निमूटपणे नाहीसे होतात. म्हणून अपवादाची नोंद करण्याचा मार्ग खुद्द कर्मचाऱ्याला खुला असावा व त्याच्या संमतीवाचून पट पक्का होऊ नये. पक्का झालेला पट मात्र निष्पन्न न ठेवता जसाच्या तसा साठवावा. नाहीतर पुढे चक्रात केलेली दुरुस्ती मागील वर्षाचे, वेतन देऊन झालेले पटही बदलून टाकील.