कबड्डीपटूचा करार आणि तुमची डीलरशिप : शेवटच्या पानावर काय लिहिलंय?

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी एकाच माणसाचे पाच आकडे बघा. ३६ लाख ४० हजार. १ कोटी ४५ लाख. १ कोटी ३० लाख. २० लाख. १ कोटी.

हे आहेत चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचे प्रो कबड्डीतले भाव. २०१८ ला यू मुंबाने घेतलं, पहिल्याच हंगामात पोरगा तुफान खेळला आणि २०१९ ला तेलुगू टायटन्सने थेट १ कोटी ४५ लाख मोजले. २०२१ ला त्याच संघाने १ कोटी ३० लाखाला पुन्हा ठेवला. त्या हंगामात दुखापत झाली, मोजकेच सामने खेळता आले. २०२२ ला भाव आला २० लाखावर. आणि २०२३ ला हरियाणा स्टीलर्सने त्यालाच १ कोटीला उचललं.

पेपरात १ कोटी ४५ लाखाचीच बातमी आली आणि पारावर चर्चाही तेवढीच झाली. पण धंदा करणाऱ्या माणसाने बघायचं ते पाचही आकडे एका ओळीत. माणूस तोच, उंची तीच, चढाईही तीच. मग भाव ठरवतं कोण?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे तुम्ही पाहिले असतील. ढीग कितीही चांगला असू दे, समोर एकच व्यापारी उभा असेल तर तो म्हणेल तो दर. दुसऱ्याने तोंड उघडलं की खरा सौदा सुरू होतो. भाव पहिला घेणारा ठरवत नाही, दुसरा ठरवतो.

आपल्या सांगलीच्याच स्मृती मानधनाचं उदाहरण घ्या. १३ फेब्रुवारी २०२३, मुंबई, महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव. पहिलंच नाव स्मृतीचं, पायाभूत किंमत ५० लाख. मुंबई इंडियन्स आणि बंगळूर, दोघांनाही ती पाहिजेच होती. दोघं एकमेकांना वर ढकलत गेले आणि बंगळूरने ३ कोटी ४० लाखाला सौदा तोडला. एका संघाकडे सगळ्या खेळाडूंसाठी मिळून होते १२ कोटी, त्यातला पाव हिस्सा आणि वर थोडा एकाच नावावर गेला. लगेच पुढचं नाव आलं हरमनप्रीत कौरचं. भारताची कर्णधार! ती मुंबईला मिळाली १ कोटी ८० लाखात. हरमनप्रीत अर्ध्या गुणवत्तेची आहे असं कोण म्हणेल? तिच्या वेळी समोरचा तितका हट्टाला पेटला नाही, एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रो कबड्डीच्या लिलावात 'फायनल बिड मॅच' नावाचं कार्ड असतं. बोली संपली, हातोडा पडला, तरी खेळाडूचा जुना संघ उठून म्हणू शकतो, "तेवढेच पैसे आम्ही देतो, पोरगा आमचा." २०२१ ला सिद्धार्थ टायटन्सकडे राहिला तो याच कार्डावर. यात खेळाडूचा तोटा नाही, कारण बोली आधी उघड्यावर पूर्ण झालेली असते. आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, तोच जुन्या संघाला भरावा लागतो.

पण हेच कलम बंद खोलीतल्या करारात घातलं की काय होतं? त्यासाठी श्रीरामपूरच्या झहीर खानकडे जाऊ.

ऑक्टोबर २००० मध्ये झहीर भारताकडून पहिला सामना खेळला. वय २१. त्याच महिन्यात त्याने पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. जाहिराती, प्रायोजक, सगळं काम कंपनीने बघायचं. नवीन पोरगा, ओळखी नाहीत, कंपनी मोठी, सही झाली. करारात एक कलम होतं : मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी आम्हाला लेखी कळवायचा, आणि तेवढीच रक्कम द्यायची आमची तयारी असेल तर काम आम्हालाच द्यायचं.

वरवर बघितलं तर यात वाईट काय? पैसे तर तेवढेच मिळणार! इथेच भलेभले फसतात. स्वतःला दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जागी ठेवून बघा. तुम्ही दोन महिने हिशोब करून दर काढायचा, तो कागद तुमच्याच स्पर्धकाच्या टेबलावर जायचा, आणि त्याने नुसतं "आम्ही पण देतो" म्हटलं की तुम्ही बाहेर. पुढच्या वेळी तुम्ही दर द्याल का? नाही देणार. म्हणजे हे कलम पैसे कापत नाही, दुसरं गिऱ्हाईकच दारात येऊ देत नाही. आणि दुसरं गिऱ्हाईक नसलं की भाव कुठे जातो ते वर हळदीत पाहिलंच.

२००३ च्या ऑक्टोबरात मुदत संपली. झहीरने दुसऱ्या कंपनीशी बोलणी केली, पर्सेप्ट मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका न्यायमूर्तींनी मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम ठेवलं. आधार होता १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७. कुणालाही त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. करार चालू असताना "फक्त आमच्यासाठीच काम कर" हे साधारणपणे चालतं. करार संपल्यावरचं बंधन चालत नाही.

झहीर जिंकला, पण कोर्टात दोन वर्षांच्या वर गेली ना. त्याच्यामागे नाव होतं, वकील होते. आपल्या कासेगावच्या काशिलिंग आडकेसारखी वाळवा तालुक्यातली पोरं मैदानातून थेट लीगमध्ये गेली. जून २०२५ मध्ये तर मुंबईत सहा संघांची रग्बीची लीगही झाली, उद्या आपल्या भागातलं कुणी तिथेही सही करेल. त्या पोराने शेवटचं पान वाचलेलं असेल का? (आणि १८ पूर्ण नसतील तर त्याने स्वतः केलेला करार कायद्याने मुळातच रद्द असतो. १९०३ पासून हे ठरलेलं आहे, तरी मैदानाच्या कडेला अजून सह्या घेतल्या जातात.)

आता आष्ट्यात या.

समजा तुमची मसाल्याची छोटी गिरणी आहे. एक मोठा वितरक येतो, म्हणतो, सगळा माल मी उचलतो. आनंदच आहे. तुम्ही चर्चा कशावर करता? किलोमागे दोन रुपयांवर. तासभर त्या दोन रुपयांसाठी भांडता आणि चौथ्या पानावर लिहिलेलं असतं, "करार संपल्यानंतर दोन वर्षे अन्य वितरकास माल देता येणार नाही." ते वाचतच नाही. पोल्ट्रीवाले मित्रहो, तुमचंही बघा. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, लाईट, मजुरी तुमची. शेडचं कर्ज सात वर्षांचं आणि कंपनीचा शब्द एका बॅचपुरता. म्हणजे कंपनी कधीही मोकळी, तुम्ही मात्र शेडला बांधलेले. तिथे किलोमागच्या वाढीच्या दराइतकंच बोलायला पाहिजे ते मुदतीवर.

माझं स्पष्ट मत आहे. लहान असताना दरावर फार ताणू नका, तिथे तुमच्या हातात जोर नसतो. जोर मुदतीवर लावा. तीन वर्षं म्हणत असतील तर एक वर्ष मागा. मग दर थोडा कमी मिळाला तरी चालेल, वर्षाने तुम्ही पुन्हा बाजारात उभे असता. सिद्धार्थने ३६ लाखावर पाच वर्षांची सही केली असती तर १ कोटी ४५ लाख कुठून आले असते?

"पण सर, त्याची दुखापत झाली तेव्हा पाच वर्षांचा करारच बरा पडला असता की!" बरोबर आहे, आणि हा प्रश्न चांगला आहे. लांब मुदतीत सुरक्षितता असते. पुणेरी पलटणचा अस्लम इनामदार 'न्यू यंग प्लेयर' म्हणून संघात आला, लिलावात न उतरता त्याच संघात राहिला, वाढला, कर्णधार झाला. त्याच संघाने २०२३ ला इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखाला आणलं, आणि मार्च २०२४ मध्ये अस्लमच्या हाताखाली चषक जिंकला. संघ तुम्हाला घडवत असेल, शिकवत असेल, तर लांब मुदत घ्या. फक्त माल उचलणारा असेल तर लांब मुदत कशासाठी?

एक अपवाद लक्षात ठेवा. तुम्ही दुकान नावासकट, गुडविलसकट विकलं, तर "याच पेठेत पुन्हा हाच धंदा करणार नाही" हे बंधन वाजवी मर्यादेत कायद्याला मान्य आहे. तिथे कलम २७ दाखवून सुटता येत नाही. विकतानाच हद्द आणि वर्षं नीट लिहून घ्या.

तर आज रात्री एवढंच करा. वितरक, कंपनी, जागामालक, ज्यांच्याशी करार असेल ते सगळे कागद काढा. पहिल्या पानावरचा दर सोडा. 'मुदत', 'समाप्ती', 'प्रथम हक्क' हे तीन शब्द जिथे जिथे आहेत तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती पानं घेऊन तुमच्या वकिलाकडे जा. पुढच्या व्हिडिओत आपण 'समाप्ती'चं कलम ओळीने वाचणार आहोत, तेव्हा कागद समोर असू द्या.